वसईचें गोडें पाणी

ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ही जुनी व योग्य चाल आहे. वसईचा इतिहास सांगणारे बहुधा किल्ल्यापासून आरंभ करितात. 1534 च्या तहानें गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु राज्यें आलीं व गेलीं, तरी ज्याच्या आधारावर आपलीं घरें, वाड्या व चर्चें येथेंच टिकून राहिलीं, त्या गोड्या पाण्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. तो थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या भूमीची रचना लक्षांत घ्यावी. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र. डोंगरावरचा पाऊस ओढ्यांनीं उतरून सखल जमिनींतून खाड्यांस मिळतो. किनाऱ्यावरचा पाऊस रेताड जमिनींत मुरतो. तेथें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर जणूं तरंगत राहतें, कारण तें वजनानें हलकें असतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा कीं, समुद्रसपाटीहून गोडें पाणी 1 फूट उंच उभें असेल, तर त्या सपाटीखालीं सुमारें 40 फूट खोलपर्यंत गोडेंच पाणी सांपडतें. हा हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी 1 फूट उतरली, कीं खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें 40 फूट वर चढूं लागतें. मग विहिरींत पाणी दिसतें खरें, पण तें पिण्याच्या वा शिंपण्याच्या उपयोगाचें राहत नाहीं.

आपल्या वाडवडिलांस हा हिशेब ठाऊक नव्हता; पण त्यांची रीत त्यास धरून होती. बैल वा रेडा जुंपलेला रहाट संथपणें फिरे. जनावर थकलें म्हणजे विहिरीसही विसांवा मिळे, आणि तेवढ्या वेळांत झरे तिला पुन्हां भरीत. वाडीच्या सखल भागांत बावखल खोदलेलें असे. पावसाळ्यांत आजूबाजूचें पाणी त्यांत उतरे, गाळ तळाशीं बसे व निवळलेलें पाणी हळूहळू जमिनींत मुरून शेजारच्या विहिरी गोड राखी. याच पाण्यावर केळी, पानवेली व फुलझाडें पोसत. आगाशीचीं सुकेळीं नांवाजलीं गेलीं, त्यांच्या गोडीच्या मुळाशीं हेंच पाणी होतें. घेणें आणि परत देणें, या दोहोंचा मेळ त्या जुन्या रीतींत होता.

पुढें तेलाचीं इंजिनें व विजेचे पंप आले. रहाटास दिवसभर लागे तितकें पाणी ते अल्पावधींत उपसूं लागले. श्रम वांचले, ही गोष्ट चांगली झाली. पण विहिरीचा विसांवा गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईनजीकच्या या पट्ट्यांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांची तहान भागविण्यासाठीं टँकर आपल्या वाड्यांच्या दारीं आले, व आपल्यांतीलच कित्येकांनीं विहिरींचें पाणी पैसे घेऊन विकलें. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ज्युबिलीच्या अंकांत केवळ गौरवच लिहावा, असें नाहीं. एकाची विहीर उपसली, तरी खारटपणा शेजाऱ्याच्याही विहिरींत उतरला, कारण जमिनीखालीं कुंपण नसतें.

या अनिष्टाविरुद्ध आवाज उठला, तोही आपल्यांतूनच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें जनजागृति केली, व हिरवी वसई आणि तिचें पाणी राखण्यासाठीं सर्व धर्मांचे लोक एकत्र आले. 2020 सालीं धाराशिव येथें भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद ज्यांनीं भूषविलें, तेच हे फादर. 25 जुलै 2024 रोजीं ते दिवंगत झाले. त्यांचें काम मात्र अपुरें आहे.

अपुरें म्हणण्याचें कारण असें. कित्येक बावखलें भरावानें बुजलीं, कित्येकांत जलपर्णी व केरकचरा साचला. रेताड जमिनींत शौचकुपांचें पाणी मुरून जवळच्या विहिरीस पोंचण्यास वेळ लागत नाहीं. सांडपाणी शुद्ध न करितां नाल्यांत सोडलें, तर तें शेवटीं खाडींतच जातें, आणि त्याची झळ मच्छीमार बांधवांस लागते. जुलै 2018 मध्यें वसई कित्येक दिवस पाण्यांत बुडाली. त्याचें कारण एकच नव्हतें. पण पाण्याच्या जागा आपण पाण्याकडून काढून घेतल्या, हें त्यांतील एक नाकारतां येत नाहीं.

आज सूर्या नदीचें पाणी मोठ्या नळांनीं वसई-विरारास येतें. त्यामुळें विहिरींची गरज संपली, असें कोणी समजूं नये. सूर्येवरील धामणी धरण मूळ शेतीच्या सिंचनासाठीं योजिलेलें. तेथील शेतकऱ्यांचाही त्या पाण्यावर हक्क आहे. ज्यानें घरची विहीर नासविली, त्यानें दुसऱ्याच्या नदीवर किती काळ विसंबावें?

समाधानाची गोष्ट ही, कीं अलीकडे गांवोगांवच्या तरुणांनीं कांहीं बावखलें स्वतः उतरून साफ केलीं. हें काम सर्वांचें व्हावें. प्रत्येक कुटुंबानें छपराचें पावसाचें पाणी विहिरीकडे वळवावें, शौचकूप विहिरीपासून दूर ठेवावा, आणि उरलेल्या बावखलांत भराव पडूं देऊं नये.

लेवीय ग्रंथांत ज्युबिलीच्या वर्षासंबंधीं असा नियम आहे कीं, विकलेली जमीन त्या वर्षीं मूळ धन्यास परत करावी. जमिनीचें पाणीही जमिनीस परत मिळावें, हा त्याच नियमाचा अर्थ आम्ही समजतों. ज्या विहिरीच्या पाण्यानें आपल्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तिचें पाणी आपल्या नातवंडांसही गोड लागावें, एवढीच वाचकांस आमची नम्र विनंति आहे.