आहोया गावचा प्रयोग

ज्ञातिसंस्थांच्या इतिहासात वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांचे प्रकरण मोठे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गरीब घरी मूल चालू शकत नाही, त्या घरास हात देण्याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. म्हणून मेक्सिको देशातील एका खेड्याची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

मेक्सिकोच्या पश्चिमेस सिनालोआ प्रांतात, सिएरा माद्रे पर्वताच्या पायथ्याशी आहोया हे खेडे आहे. १९६० नंतरच्या दशकात डेव्हिड वर्नर या अमेरिकन गृहस्थांनी तेथे आरोग्यसेवेचे कार्य आरंभिले. गावच्या तरुणांसच शिकवून सेवक करावयाचे, अशी त्यांची पद्धत. वर्नर स्वतः स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक विकाराने पीडित. सेवकांपैकीही काही अपंग होते, आणि उत्तम सेवकांत त्यांचीच गणना होऊ लागली. त्यांतूनच १९८१ साली ‘प्रोहिमो’ ही संस्था निघाली. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी शेजारी असा आहे.

तेथवर त्या डोंगरी मुलखातील आईबापांची अवस्था कठीण होती. पोलिओने पाय गेलेले मूल घेऊन शहर गाठावे, तर भाडे जाई व मजुरी बुडे. पायांस महाग आधार घ्यावेत, तर वाढत्या वयाच्या मुलास ते लवकरच अपुरे पडत. पुन्हा शहर, पुन्हा कर्ज!

प्रोहिमोने हे आधार व चाकाच्या खुर्च्या गावातच बनविल्या. बनविणारे बहुतेक स्वतः अपंग आणि जेमतेम प्राथमिक शिक्षण झालेले. दूरची कुटुंबे गावकऱ्यांच्या घरी उतरत. आईस व्यायाम शिकवीत, तोही घरच्या रीतीत बसणारा. मेंदूच्या विकाराने ज्याच्या मांड्या आवळल्या जातात, त्या मुलास ओंडक्यावर घोड्यासारखे बसवावे. पाय आपोआप दूर राहतात व ते खेळूही शकते. यास पैका लागत नाही. आमच्या मते प्रयोगाचे मर्म येथेच आहे. आईवर निराळे काम लादले, तर ती ते आठ दिवस करील आणि नवव्या दिवशी शेतावर जाईल. यात तिचा दोष काय?

क्रीडांगणही गावच्या मुलांच्या हातून उभे राहिले. त्यांस ते खेळावयास खुले राहील, असे आधीच ठरले होते. त्यामुळे अपंग मुलांभोवती वेगळे कुंपण पडले नाही.

हा अनुभव वर्नर यांनी १९८७ साली सचित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे अमली पदार्थांच्या व्यापारातून माजलेल्या हिंसेमुळे संस्थेस आहोया सोडून कोयोतितान येथे जावे लागले.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक-भत्त्याचा उल्लेख आहे. साहाय्याच्या अर्जांत मात्र बहुधा उपकरणाची किंमत तेवढी विचारतात. आईची बुडालेली मजुरी व एस.टी.चे भाडे यांसाठी आपल्या साहाय्यनिधीच्या अर्जात एक रकाना यंदा वाढवावा, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे.