‘सर्वसाधारण’ म्हणजे किती? मोसमी अंदाजाच्या भाषेचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
कन्नड तालुक्यातील पिशोर हे सातमाळ्याच्या डोंगररांगांजवळचे गाव. मका, कापूस आणि अद्रक ही येथील शेतीची ओळख. दरवर्षी एप्रिलमध्ये येथील मोबाइलवर एक बातमी येते : “यंदा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के, सर्वसाधारण.” हवामानाची आवड असलेली तरुण मुले ती पुढे पाठवतात. ज्येष्ठ मंडळींचा प्रश्न मात्र एकच असतो, “म्हणजे पेरायचं कधी?” या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही, याचा हा इतिहास.

२/
प्रारंभ दुष्काळापासून होतो. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दख्खनवर १८७६–७८ चा महादुष्काळ कोसळला. पावसाची चाहूल आधी लागली तर धान्य, मजुरीची कामे आणि महसूल यांची व्यवस्था लावता येईल, ही सरकारची निकड होती. मोसमी अंदाज जन्मला तो या प्रशासकीय गरजेतून. त्याचा पहिला वाचक कलेक्टर होता, कुणबी नव्हे.

३/
हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढचा पावसाळा कमजोर होतो, असे ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले. १८८२ पासून प्रायोगिक अंदाज तयार होत होते. ४ जून १८८६ रोजी पहिला अधिकृत मोसमी अंदाज प्रसिद्ध झाला. एका देशाच्या संपूर्ण ऋतूचा अंदाज सरकारने नियमितपणे देण्याचा हा जगातील अगदी आरंभीचा प्रयत्न होता.

४/
त्या काळी मराठी अभ्यासकही या कोड्याकडे पाहत होते. केरो लक्ष्मण छत्रे (निधन १८८४) यांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले होते. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) लिहून त्यांनी पंचांगशुद्धीचा पाया घातला. सूर्यावरील डाग आणि हवामान यांचा संबंध हाही त्यांच्या चिंतनाचा विषय होता. एकाच माणसाच्या टेबलावर पंचांग आणि वेधशाळा शेजारी नांदत होती. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

५/
शेतकऱ्याच्या घरात पंचांग राहिले. त्याची भाषा ओळखीची होती. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, मघा, हस्त : सूर्य प्रत्येक नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो आणि प्रत्येक नक्षत्राला एक वाहन. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नऊने भागायचे; उरलेल्या बाकीवरून वाहन ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले तर कमी. लहान मुलालाही कळेल अशी ही पद्धत.

६/
पण तिचा दोष तिच्या सोपेपणातच दडलेला आहे. त्या गणितात समुद्र नाही, वारा नाही, बर्फ नाही. कोकणात आणि पिशोरला एकाच दिवशी एकच वाहन. अंदाज चुकला तर हिशेब कोण मागणार? तो कुठे नोंदलेलाच नसतो. थोडक्यात, एक भाषा सर्वांना समजत होती पण तपासता येत नव्हती. दुसरी तपासता येत होती पण कोणाला समजत नव्हती.

७/
तपासता येण्याची किंमत १८९९ मध्ये कळली. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाबरोबर हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडील हवेच्या स्थितीचाही विचार सुरू केला होता. त्या वर्षी त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात देशभर भीषण अवर्षण पडले. गुजरात-राजपुतान्यात ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात राहिलेला तो दुष्काळ वऱ्हाड, मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थानापर्यंत पोहोचला.

८/
वृत्तपत्रांनी टीका केली. त्यावर सरकारने काढलेला मार्ग बोलका आहे : १९०२ ते १९०५ या काळात मोसमी अंदाज गोपनीय ठेवण्यात आला. तो तयार होई, पण अधिकाऱ्यांपुरता. आपण का चुकलो आणि पुढेही किती चुकू शकतो, हे लोकांना समजावून सांगण्याऐवजी अंदाजच कपाटात ठेवला गेला.

९/
१९०४ मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर आले. बर्फ कमी की जास्त, यावर केवळ तर्क लढवण्याऐवजी त्यांनी जगभरातील वेधशाळांच्या नोंदींचे परस्परसंबंध मोजायला घेतले. ही आकडेमोड भारतीय कारकुनांनी हाताने केली. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरावरील वायुदाबाचा झोका सापडला. वॉकर यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. पुढे एल निनोशी त्याचे नाते उलगडले. आज प्रत्येक अंदाजात येणाऱ्या या शब्दाचे मूळ भारतातील पावसाच्या शोधात आहे.

१०/
वॉकर शब्दांबाबत सावध होते. मोसमी अनुमानाला ‘फोरकास्ट’ म्हणण्यापेक्षा ‘फोरशॅडोइंग’, म्हणजे पूर्वछाया, हा सौम्य शब्द त्यांनी पसंत केला. छायेवरून माणूस येतो आहे एवढे कळते, चेहरा दिसत नाही. संपूर्ण देशाला एकच आकडा लावणे योग्य नव्हे हेही त्यांना दिसले. त्यांनी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे वेगवेगळे भाग पाडले.

११/
१९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी मोसमी अंदाजाचे काम पुण्यातच रुजले. विज्ञान मराठी मुलखात आले. त्याची भाषा मात्र इंग्रजी अहवालाचीच राहिली. मराठवाडा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता.

१२/
१९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. अनेक वर्षे त्याने साथ दिली. २००२ मध्ये अंदाज होता ‘सर्वसाधारण’. जुलैमध्ये देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. २००३ मध्ये ते प्रारूप बदलण्यात आले. १८९९ नंतर दारे बंद झाली होती. या वेळी चूक उघडपणे तपासली गेली. शंभर वर्षांत झालेली ही खरी प्रगती.

१३/
आता मूळ शब्दाकडे येऊ. देशाची हंगामी सरासरी ८७ सेंटिमीटर (१९७१–२०२०). संपूर्ण देशासाठी ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सर्वसाधारण’. एप्रिलमधील अंदाजात पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, हे विभाग स्वतःच सांगतो. पण जिल्ह्याच्या पावसाच्या आकडेवारीत ‘सर्वसाधारण’ची व्याप्ती उणे १९ ते अधिक १९ टक्के असते. शब्द एकच, मापे दोन. जिथे सरासरी ६५० मिलिमीटर आहे, तिथे ५३० मिलिमीटर पडला तरी तो कागदावर सर्वसाधारणच.

१४/
दुसरा फसवा शब्द ‘शक्यता’. हल्लीच्या नकाशांत जुन्या वर्षांचे तीन समान गट केलेले असतात : कमी, मध्यम, जास्त पावसाचे. काहीच माहीत नसते तेव्हा प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. एखाद्या भागात ‘जास्त’ची शक्यता ४५ टक्के दाखवली तर ती बाजू जड आहे, एवढेच. उरलेले ५५ टक्के मध्यम आणि कमी या दोन गटांत वाटलेले आहेत. त्या भागावरचा निळा रंग हे पावसाचे वचन नव्हे.

१५/
तिसरी गोष्ट कोणत्याच टक्क्यात दिसत नाही : पावसाचा खंड. २०२३ चा हंगाम देशात ९४ टक्क्यांवर संपला. ऐकायला तूट किरकोळ वाटते. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात देशात ३६ टक्के तूट होती. मक्याला तुरा येण्याच्या सुमारास पाणी नसेल, तर सप्टेंबरच्या सरी सरासरी भरून काढतात, कणीस नाही.

१६/
म्हणून “पेरायचं कधी?” याचे उत्तर मोसमी अंदाजात शोधूच नये. तो प्रशासनाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जन्मला. धरणाचे पाणी किती राखून ठेवावे, चारा कुठे साठवावा, यासाठी तो मोलाचा आहे. पेरणीसाठी कृषी विभागाचा सल्ला साधा असतो : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल येईपर्यंत थांबा. घाई केली आणि पाठोपाठ खंड पडला, तर दुबार पेरणीचे बियाणे कर्जातूनच येते.

१७/
हवामानाच्या हौशी अभ्यासकांचे काम येथे सुरू होते. शब्द सोपे करावेत, पण सोपे करताना अनिश्चितता गाळू नये. “यंदा भरपूर पाऊस” असा संदेश पाठवणे म्हणजे हत्ती वाहन सांगणेच. त्याऐवजी आकडा कोणत्या प्रदेशाचा, कोणत्या काळाचा आणि किती चुकू शकणारा, ही तीन वाक्ये जोडावीत. पिशोर हे महसूल मंडळ आहे. मंडळाच्या पावसाची रोजची नोंद उतरवून ठेवावी आणि हंगामअखेर अंदाजाशेजारी ती मांडावी.

१८/
छत्र्यांच्या टेबलावर पंचांग आणि वेध एकत्र होते, कारण दोन्ही आपल्या माणसांसाठी आहेत असे ते मानत. वॉकरची पूर्वछाया मराठीत सांगणारी माणसे गावोगाव उभी राहिली, तर दीडशे वर्षे कलेक्टरला उद्देशून लिहिलेले हे पत्र अखेर शेतकऱ्याच्या पत्त्यावर पोहोचेल. तुमच्या मंडळाची जूनची सरासरी किती, हे ठाऊक आहे का? नसेल तर तेथूनच आरंभ करा.