शुक्रवारी तलावाचे बेट आणि महालची सहल

नागपूरच्या महाल मोहल्ल्यातून गांधी दरवाजाने बाहेर पडून पश्चिमेच्या अंगाने थोडे चालत गेले, की शुक्रवारी तलावाचा चिरेबंदी काठ लागतो, आणि काठाच्या लोखंडी कठड्यापलीकडे, पाण्याच्या मधोमध, बाग असलेले एक लहानसे बेट दृष्टीस पडते. समुद्र या शहरापासून दोन्ही दिशांना शेकडो कोस दूर. तरीही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सव्वादोन अंशांवर वसलेले असल्यामुळे नागपूर शास्त्रतः उष्ण कटिबंधात मोडते, आणि वैशाखात जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हा हे सत्य कोणाला नकाशावर दाखवावे लागत नाही. चार स्नेही जमवावेत, शिदोरी बांधावी, आणि एखाद्या जलाशयाच्या सान्निध्यात झाडांच्या छायेत दिवस घालवावा, ही इच्छा येथे चैनीची म्हणता येणार नाही. ती या हवेने माणसाच्या देहाला लावलेली निकड आहे. मात्र महालच्या माणसाने ही निकड भागविण्यासाठी ज्या ज्या जागा निवडल्या, त्या सर्व आधी पाण्याच्या गरजेतून उभ्या राहिल्या होत्या, आणि पाण्याचा बंदोबस्त जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा तेव्हा सहलीची जागा, सहलीचा वार आणि सहलीचे सोबती, हे तिन्ही बदलत गेले, असे या मोहल्ल्याच्या इतिहासाकडे पाहताना मला दिसते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी, १७०२ च्या सुमारास, राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांचे एकत्रीकरण करून हे नगर वसविले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाने राजधानीच येथे आणली, शहराभोवती तट घातला, आणि नाग नदीला मिळू पाहणारे ओहोळ अडवून एक विस्तीर्ण जलाशय तयार करविला. तोच जुम्मा तलाव, पुढचा शुक्रवारी तलाव, आणि स्वातंत्र्यकाळातला गांधीसागर. तटाच्या ज्या दरवाजातून तलावाकडे जाता येई, त्याचेही नाव जुम्मा दरवाजाच होते. आजचा गांधी दरवाजा तो हाच. नगरनिर्मात्यांच्या मनात तेव्हा विहाराचा विचार किती होता हे बाजूला ठेवले, तरी तहानेचा विचार निश्चित होता. कारण नाग नदी ही पावसाळी स्वभावाची, आणि तिच्या भरवशावर राजधानी चालविणे कोणत्याही शहाण्या राज्यकर्त्याला मानवले नसते.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर देवगडच्या घराण्यात जो कलह माजला, त्यात मध्यस्थ म्हणून आलेले रघुजी भोसले १७४३ च्या सुमारास सत्ताधीश होऊन बसले, आणि नागपूर ही त्यांच्या बंगालपर्यंत पोहोचणाऱ्या मुलूखगिरीची राजधानी झाली. काळ्या दगडाचा आणि विपुल काष्ठशिल्पाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा ज्या भागात उभा राहिला, त्या भागात दरकदार, मानकरी, कारकून, वैदिक, सावकार आणि शागिर्दपेशा यांची वस्ती दाटत गेली. चौकांमागे चौक असलेल्या त्या वाड्यांच्या भिंती जाड, खिडक्या लहान, आणि गल्ल्या इतक्या अरुंद, की उन्हाळ्याच्या रात्री तेथे वारा शिरण्यास कचरत असावा. या दाटीवरचा उतारा म्हणजे बागा. महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंखेडी, अशा बागा भोसल्यांनी आपल्या अमदानीत शहरात आणि शहराभोवती निर्माण केल्या. सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंखेडी येथे बागेच्या जोडीला तलाव आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. बांध घातला की पाणी साठे, पाणी साठले की भोवतालच्या विहिरींना पाझर फुटे, मोटेचे पाणी पाटांनी आमराईपर्यंत पोहोचे, आणि मग त्या आमराईत बिछायत घालून बसण्याची इच्छा राजालाही होई आणि राजाच्या कारभाऱ्यालाही.

त्या काळचा विसावा आठवड्याने बांधलेला नव्हता. तो ऋतूने आणि तिथीने बांधलेला होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलूखगिरीस निघे ती पावसाळ्यापर्यंत परतत नसे. म्हणून महालचा सामुदायिक उल्हास पुरुष घरी असण्याच्या वर्षाकाळात उसळून येई. श्रावणी सोमवारी तेलंखेडीच्या शिवमंदिराला जाणे, पोळा, पोळ्याच्या पाडव्याला लाकडी बैलांचा तान्हा पोळा, हे सारे त्याच दोन महिन्यांतले. वार होते ते बाजारासाठी. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी या मोहल्ल्यांची नावे अद्याप त्याची साक्ष देतात. वाराचा संबंध खरेदीविक्रीशी होता, विश्रांतीशी नव्हता.

फौज बाहेर पडण्याच्या सुमाराच्या शरद ऋतूत मात्र सहलीची सूत्रे स्त्रियांच्या हाती जात, आणि या अध्यायाकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही याची मला खंत वाटते. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसत. महिनाभर रोज संध्याकाळी मैत्रिणी एकमेकींच्या घरी गाणी म्हणत जात, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याची शर्त लावीत, आणि कोजागिरीच्या चांदण्यात आटवलेल्या दुधाने त्याची सांगता करीत. पुढे कार्तिकात आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखाली स्वयंपाक करून तेथेच जेवावे असे धर्मशास्त्र सांगते, आणि वाड्याच्या चौकात आवळ्याचे झाड सहसा नसते. तेव्हा या व्रताच्या निमित्ताने माजघरातल्या स्त्रीला बागेत जाण्याची जणू सनदच मिळत असे. ज्या समाजात घरंदाज स्त्रीला निष्कारण उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्या समाजाने तिच्या मोकळ्या हवेची तजवीज व्रताच्या रूपाने करून ठेवावी, यात मला मोठी माणुसकी दिसते.

अशा सहलीला जाण्याचे वाहन म्हणजे रेंगी किंवा दमणी. ओझ्याची ती खासर. माणसांची ती हलकी, झपाझप जाणारी रेंगी. वैदर्भीय वनभोजनाचे खरे अन्न म्हणजे रोडगे, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून हा विषय पुढे नेणे मला योग्य वाटत नाही. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळावी, तिच्या पाऱ्या करून, प्रत्येकीस तेल लावून एकावर एक ठेवाव्यात, त्यांचा गोळा वळावा, आणि गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे शांत झाले म्हणजे ते गोळे त्या आरात पुरून सावकाश भाजू द्यावेत. कवच टणक होते, आतले पदर मऊ राहतात. राख झटकून रोडगा फोडायचा, त्यावर तुपाची धार धरायची, आणि वांग्याची झणझणीत भाजी व तुरीचे वरण यांच्यासह पळसाच्या पत्रावळीवर वाढायचा. या पाकक्रियेस तवा लागत नाही, पोळपाट लागत नाही, चूलही लागत नाही. लागतो तो वेळ आणि सोबत. एकट्यासाठी कोणी रोडगे भाजीत नाही. गोवऱ्या रचणारा एक, कणीक मळणारा दुसरा, वांगी चिरणारे तिसरे, आणि निखाऱ्यांची राखण करीत गप्पा मारणारे बाकीचे, असा हा श्रमविभाग असतो, आणि त्यात दिवस कसा सरतो हे कळत नाही. आजही विदर्भात मित्रमंडळी शेतावर किंवा तलावाकाठी जमली, की रोडग्यांचाच बेत ठरतो. राज्ये गेली, पण हा पदार्थ आपल्या जागेवरून हललेला नाही.

राज्य गेले ते ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निवर्तल्यानंतर. औरस पुत्र नाही या सबबीवर गव्हर्नर जनरल डलहौसीने रियासत खालसा केली; जडजवाहिराचे लिलाव झाले; १८६४ मध्ये राजवाडा अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि नगारखान्याचा भव्य दरवाजा तेवढा उरला. बागांचे स्वामित्व पालटले. महाराजबाग शेतकी खात्याकडे गेली. तेथे पुढे कृषी महाविद्यालय आले आणि प्राणिसंग्रहालयही झाले. सक्करदऱ्याचा वाडा भोसले घराण्याकडे राहिला, पण त्याचा लौकिक निराळ्याच कारणाने वाढला: त्या घराण्यातले राजे रघुजीराव यांनी १९०८ मध्ये सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सन्मानाने तेथे आणले, आणि १९२५ मध्ये बाबांनी देह ठेवीपर्यंत हिंदू आणि मुसलमान, दोघांच्याही पायांनी ती वाट मळत राहिली.

शुक्रवारी तलावाच्या नशिबाने मात्र वेगळे वळण घेतले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली, आणि जमशेटजी टाटांनी स्टेशन व तलाव यांच्या आसपासची दलदलीची जमीन भरून काढून तेथे एम्प्रेस मिल उभारली. १ जानेवारी १८७७ या दिवशी ती सुरू झाली. त्याच सुमारास अंबाझरीचा भोसलेकालीन बांध इंग्रजी अमदानीत उंच करण्यात येऊन नळाचे पाणी शहरात खेळू लागले. या दोन घटनांचा एकत्रित परिणाम फार खोल झाला. नळ आला म्हणून तलाव पिण्याच्या पाण्याचा साठा राहिला नाही, आणि जे पाणी प्यायचे नाही त्याच्या स्वच्छतेचा धाक माणसाच्या मनातून उतरतो. गिरणी आली म्हणून कोष्टी, हलबा, महार, कुणबी अशा हजारो कामगारांच्या दिवसावर भोंग्याचा अंमल सुरू झाला, आणि त्या अंमलातूनच साप्ताहिक सुटीची मागणी जन्मास आली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी दीर्घ लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व देशभर लागू केले. जो विसावा पूर्वी तिथी देत होती, तो आता वार देऊ लागला. जो पूर्वी मानकऱ्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा होता, तो आता साच्यावर उभे राहणाऱ्याचाही झाला. भोसल्यांच्या बागा खालसा झाल्याचे दुःख मनात ठेवूनही मी हे स्पष्टपणे म्हणेन, की या शहरातल्या सहलीच्या इतिहासात लोखंड्यांनी मिळविलेल्या त्या रविवाराइतकी मोठी देणगी कोणत्याही दरबाराने दिलेली नाही.

या तलावाने नंतरच्या काळात पुष्कळ सोसले. गणपती आणि देवीच्या मूर्तींच्या विसर्जनाने गाळ वाढला. सांडपाण्याने पाणी हिरवे पडले. अलीकडे महापालिकेने मूर्तींसाठी कृत्रिम टाक्यांची व्यवस्था केली आणि तलावाच्या पुनरुज्जीवनाची कामे हाती घेतली. काठावर आता खाऊगल्ली आहे, पलीकडे रामन विज्ञान केंद्र आहे, आणि एम्प्रेस मिलच्या जागेवर मोठा बाजार उभा आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने शनिवारही मोकळा झाला, आणि महालातली मंडळी रामटेकजवळच्या खिंडसीला, चिखलदऱ्याला, पचमढीला, किंवा विमानाने थेट अंदमानच्या बेटांवर जाऊ लागली. जावे त्यांनी; समुद्र पाहण्याची आकांक्षा भूवेष्टित प्रदेशातल्या माणसाला असणे स्वाभाविकच आहे. परंतु शुक्रवारी तलावाच्या दुरुस्तीचा हिशेब जेव्हा मांडला जातो, तेव्हा कठडे, दिवे आणि फरसबंदी यांच्या आधी त्यात येणाऱ्या पाण्याच्या वाटांचा विचार व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चांद सुलतानाने ओहोळ वळवून हा जलाशय भरला होता, आणि त्या ओहोळांपैकी कोणते अद्याप गटारांखाली वाहतात, कोणते बुजले, याची मोजणी करून नकाशा काढणे महापालिकेच्या दफ्तराला आणि येथल्या अभियंत्यांना मुळीच अशक्य नाही.