कवितेशेजारचे चित्र कोणी कोरले?



मी चित्रकलेचा जाणकार नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि हजेरीपटावरच्या तंट्यांत गेले. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी मासिकांत कवितेशेजारी चित्र दिसले, की मी आधी कोपऱ्यातली सही शोधतो.

१८५९ साली लंडनला 'वन्स अ वीक' हे साप्ताहिक निघाले. त्याच वर्षी त्यात टेनिसनची एक कविता जॉन एव्हरेट मिले यांच्या चित्रासह आली. कवी प्रसिद्ध, चित्रकारही प्रसिद्ध. पण चित्रकार बहुधा लाकडी ठोकळ्यावर उलटे रेखाटन करून मोकळा होई, कोरणारा तिसराच. लाकूड बॉक्सवुडचे, अतिशय घट्ट. बाभळीचे खोड आडवे कापले म्हणजे वर्तुळे दिसतात ना, तसा आडवा काप घेत. खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्राला तुकडे जोडावे लागत. घाई असली की तेच तुकडे सुटे करून चौघांत वाटून देत. पांढरे हवे तेवढे कोरून काढायचे, रेघ तेवढी उभी ठेवायची. एका काळ्या रेघेसाठी दोन्ही बाजूंनी कोरणी चालवायची! ठशाची उंची खिळ्यांएवढी, म्हणून कविता आणि चित्र एकदमच छापून निघे. कवितेला चित्र परवडले ते यामुळे.

कोरता कोरता मूळ रेखाटन मात्र नाहीसे होई. १८५७ च्या टेनिसनच्या सचित्र संग्रहातील आपली चित्रे बिघडविली, असा ठपका रोझेटीने डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यावर ठेवला. चित्रकाराची तक्रार पुस्तकांत नोंदली गेली. कोरणाऱ्याची बाजू कोण नोंदविणार? हजारो ठशांवर सही 'डॅल्झिएल' एवढीच. तिच्याआड पगारी हात किती, ते ठसा सांगत नाही. त्या बंधूंची बहीण मार्गारेट हीही कोरीत असे.

शतक संपता संपता फोटोवरून धातूचे ठसे होऊ लागले आणि या मंडळींचे काम गेले.

आपल्याकडे १८८७ पासून जळगावहून केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' मासिक निघे. संपादक नारायण नरसिंह फडणीस यांचे नाव वाङ्मयेतिहासात आहे, ते योग्यच. खिळे जुळविणाऱ्यांना तिथे जागा नाही. निर्णयसागरची गोष्ट थोडी निराळी. जावजी दादाजींनी १८६९ साली तो छापखाना काढला. त्याच्या देखण्या देवनागरी खिळ्यांसाठी अक्षरे कापणारे राणूजी रावजी आरू यांचे नाव आजही जावजींच्या जोडीने घेतात. पोलादाच्या टोकावर उलटा 'क्ष' कापणे हे त्याच जातीचे काम.