फंड मालकाच्या ताब्यात, विश्वस्ताची खुर्ची कोणाच्या?

एप्रिल आला की आपल्या वस्त्यांतल्या फलकांवर एक ओळ हमखास दिसते : 'पीएफ बाबासाहेबांनी दिला.' विरोधक लगेच तारखा काढतात. बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला २७ सप्टेंबर १९५१ रोजी आणि भविष्य निर्वाह निधीचा अध्यादेश निघाला १५ नोव्हेंबर १९५१ रोजी. तारखा खऱ्या आहेत. पण त्यामुळे बाबासाहेबांचे श्रेय कमी होत नाही. ते श्रेय नेमके कशाचे, हे आपणच नीट सांगत नाही. पावण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या पोरांना आज त्याचीच गरज आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री झाले. लगेच ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. कामगाराविषयीचा निर्णय कामगाराला समोर बसवूनच घ्यायचा, ही त्यामागची भूमिका. १९४३ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयकही त्यांनीच मांडले. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या समवर्ती सूचीत नोंद २४ आली. कामगार कल्याण, भविष्य निर्वाह निधी आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन तिथे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. कायदा नंतर आला, पण त्याचा पाया हा होता.

१९५२ चा कायदा सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना लागू होता : सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. तोही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना. वर्गणी सव्वासहा टक्के. १९६० च्या दुरुस्तीने पन्नासचे वीस झाले. आज सर्वसाधारण दर बारा टक्के आहे.

पण काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे फंड कायद्याच्या आधीपासून होते. टाटांच्या पोलाद कारखान्यात असा फंड १९२० पासून आहे. अशांसाठी कायद्यात कलम १७ ठेवले गेले. सरकारची सूट घेऊन कंपनी स्वतःचा ट्रस्ट चालवू शकते. मालक सांगतो, 'आमचा फंड आम्हीच सांभाळतो.' ऐकायला छान वाटते. पण ही सूट अटींवर मिळते. त्या अटी वाचल्या की मालकाला किती कमी मोकळीक आहे ते कळते.

विश्वस्त मंडळात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान हवेत. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत वर्गणी ट्रस्टकडे गेली पाहिजे. व्याज सरकारी फंडापेक्षा कमी देता येत नाही. तूट आली तर मालकाने भरायची. गुंतवणूक सरकारने ठरवलेल्या पद्धतीनेच करायची. कंपनी सलग तीन वर्षे तोट्यात गेली तर सूट काढून घ्यायची. पेन्शनचा वाटा ट्रस्टकडे राहत नाही, तो सरकारी निधीतच जातो. आणि कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मालकाने भरली नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. आस्थापनेला सूट असो वा नसो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे.

या अटी कागदावर राहिल्या तर काय होते, ते २०१८ मध्ये दिसले. आयएल अँड एफएस डबघाईला आली, तेव्हा तिच्या रोख्यांत अनेक खासगी फंड ट्रस्टांचे पैसे अडकले. हे रोखे घेताना मंडळावरच्या कामगार प्रतिनिधींनी प्रश्न विचारले होते का? की सही करण्यापुरतीच त्यांची खुर्ची होती?

आता दुसरा प्रश्न : या ट्रस्टच्या आत कोण आणि बाहेर कोण? १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विटाळ. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात विटाळाचे नाव कोणी घेत नाही. पण कायम कामगार ट्रस्टमध्ये, आणि सफाई, लोडिंग, पॅकिंगवाला कंत्राटदाराच्या वहीत, ही विभागणी आहेच. त्या वहीत आपली माणसे किती, हे मोजायला सर्वेक्षण लागत नाही.

कायदा मात्र ही विभागणी मानत नाही. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला कामगार येतो, आणि त्याच्या वर्गणीची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. सुरुवातीच्या योजनेत सभासद होण्यासाठी वर्षभराची नोकरी लागायची. १९९० पासून पहिल्या दिवसापासून सभासदत्व आहे. 'तू अजून नवा आहेस' या सबबीला आता कायद्यात जागा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात थकबाकीची चौकशी सुरू करण्याला पाच वर्षांची मुदत घातली आहे. १९५२ च्या कायद्यात अशी मुदत नव्हती. सरकार याला सुधारणा म्हणते. मालकाच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, हे खरे. पण दहा वर्षे पगारातून फंड कापला जातो आणि नोकरी सुटल्यावर खाते रिकामे निघते, अशा कामगाराची जुनी वर्षे या मुदतीत अडकतील. उशीर आता मालकाच्या फायद्याचा आहे.

म्हणून काम आजच सुरू करायचे. खाते सरकारी फंडात असेल तर यूएएनवरून पासबुक दर महिन्याला पाहा. सूट मिळालेल्या ट्रस्टच्या सभासदाला ते पासबुक दिसत नाही. त्याने ट्रस्टकडून वार्षिक हिशेबाची पावती लेखी मागावी. विश्वस्त कोण, निवडले कसे, बैठक कधी झाली, हे विचारावे. कंत्राटी कामगाराने कंत्राटदाराचे नाव, पगारपत्रक आणि गेटपासची प्रत जपून ठेवावी आणि तक्रार वाशीच्या भविष्य निधी कार्यालयात लेखीच द्यावी, पोचपावतीसह. आणि पुढच्या निवडणुकीत विश्वस्त मंडळावर आपला माणूस उभा करावा.

बाबासाहेबांनी कामगाराला मालकासमोर खुर्ची दिली. ती रिकामी ठेवून फलकावर श्रेय लिहिण्यात अर्थ नाही.

जय भीम!