उपकरणे आणि संगणक यांचा संवाद

व्होल्टमापक, ऑसिलोस्कोप यांसारखी उपकरणे संगणकाला जोडली की शेकडो मोजमापे आपोआप नोंदवता येतात. मात्र त्यासाठी केवळ केबल जोडून भागत नाही. दोघांची भाषा जुळावी लागते.

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या जोडणीला १९७५ मध्ये ‘आयईईई ४८८’ हे मानक लाभले. हीच आजची ‘जीपीआयबी’ होय. तिच्यावर संगणकासह १५ उपकरणे जोडता येतात. केबलची एकूण लांबी मात्र २० मीटरच्या आत ठेवावी लागते. पुढे १९९० मध्ये ‘एससीपीआय’ हा सामाईक आज्ञासंच आला. आता यूएसबी आणि इथरनेट या जोडण्याही प्रचलित आहेत.

या सॉफ्टवेअरचे तीन थर असतात. तळाशी जोडणीचा ड्रायव्हर, मध्ये ‘व्हिसा’ ही संवादाची लायब्ररी आणि वर ‘लॅबव्ह्यू’ किंवा पायथॉनमधील प्रोग्रॅम. ड्रायव्हर आधी बसवावा आणि उपकरण नंतर जोडावे, अशी सूचना अनेक उत्पादक देतात. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटची लायब्ररी वापरू शकत नाही. म्हणून हे थर परस्परांशी जुळणारे असावेत. जीपीआयबीवरील प्रत्येक उपकरणाला ० ते ३० यांपैकी स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. दोघांचा पत्ता एकच असल्यास संवाद कोलमडतो.

प्रोग्रॅम उघडला म्हणजे काम झाले, असे नव्हे. प्रथम उपकरणाला ओळख विचारणारी आज्ञा पाठवावी. उत्तरात उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि अंतर्गत सॉफ्टवेअरची आवृत्ती आली, तर मार्ग खुला आहे असे समजावे. त्यानंतर ज्ञात मूल्य मोजून उपकरणाच्या पडद्यावरील आकडा आणि संगणकातील नोंद ताडून पाहावी.

ही पडताळणी अनाठायी नाही. मोजमापाला लागणाऱ्या वेळेपेक्षा प्रोग्रॅमची प्रतीक्षा कमी असेल, तर विशेषतः सिरियल जोडणीत मागील उत्तर पुढील प्रश्नाला चिकटू शकते. असे झाल्यास सारी नोंद एका घराने सरकते. आकडे खरे दिसतात, निष्कर्ष मात्र चुकतात.

सर्व सुरळीत झाल्यावर ड्रायव्हर, लायब्ररी आणि प्रोग्रॅम यांच्या आवृत्त्या प्रयोगवहीत लिहून ठेवाव्यात. संगणक बदलला किंवा त्याची कार्यप्रणाली अद्ययावत झाली, तर हीच नोंद जुने उपकरण पुन्हा बोलते करण्यास उपयोगी पडते.