पक्षिचित्रांचे ग्रंथ : एक संग्रहपरंपरा

ग्रंथसंग्रहाच्या इतिहासात पक्षिचित्रांच्या ग्रंथांचे दालन काहीसे निराळे आहे. राजेरजवाड्यांनी आणि धनिकांनी जपलेल्या या छंदाचा मागोवा घेताना मराठी वाचकाने युरोपकडे वळण्यापूर्वी तंजावरच्या भोसले दरबारात क्षणभर थांबावे, हे उचित होय.

१७९८ साली गादीवर आलेल्या सरफोजी राजे (दुसरे) यांच्या हातून १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला. विद्येचे राज्य मात्र त्यांनी स्वतःच उभारले. संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी युरोपीय भाषांतील मुद्रित ग्रंथ मागविले. त्यांपैकी अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आजही पाहावयास मिळते. आपल्या चित्रकारांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास भेट दिलेला अशा चित्रांचा एक संग्रह पुढे लंडनला पोहोचला.

याच शतकात पक्षिचित्रांचे भव्य मुद्रित ग्रंथ निघू लागले. ते मोजक्याच प्रतींचे असत, त्याला कारण होते. शिळेवर चित्र उतरवून ठसे घ्यावयाचे आणि मग प्रत्येक ठसा रंगाऱ्यांनी हाताने रंगवावयाचा, अशी ही पद्धत. खर्च प्रचंड; म्हणून आधी वर्गणीदार मिळवीत आणि ग्रंथ भागाभागाने पाठवीत. ऑड्युबनच्या अमेरिकी पक्ष्यांच्या ग्रंथात (१८२७-३८) ताम्रपटांवरून छापलेली ४३५ चित्रे होती. त्याचे सुमारे १२० पूर्ण संच आज शिल्लक आहेत. जॉन गूल्डच्या हिमालयातील पक्ष्यांवरील ग्रंथाची (१८३०-३३) ८० चित्रे त्याची पत्नी एलिझाबेथ हिने शिळेवर उतरविली. मद्रासेत लष्करी शल्यवैद्य टी. सी. जर्डन याने १८४७ पर्यंत पूर्ण केलेल्या ग्रंथात ५० चित्रे होती. ती प्रामुख्याने एतद्देशीय चित्रकारांच्या कुंचल्यातून उतरली होती. ग्रंथकर्त्याचे नाव मुखपृष्ठावर राहिले, चित्रकार मात्र बहुतांशी अनामच राहिले.

या ग्रंथांवरील खरे संकट वाळवी आणि दमट हवा एवढ्यापुरते नाही. संपूर्ण ग्रंथापेक्षा सुटी चित्रे चौकटीत घालून विकणे अधिक किफायतशीर ठरल्याने व्यापाऱ्यांनी कित्येक संच उसवले. पान भिंतीवर गेले की त्याचा मजकूर, क्रम आणि मालकाची खूण यांच्याशी असलेला संबंध तुटतो. शोभा उरते, ज्ञान जाते. म्हणूनच तंजावरचा दाखला महत्त्वाचा. सरफोजींचा संग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला आणि सरस्वती महाल ग्रंथालय या नात्याने अभ्यासकांस खुला राहिला. खाजगी छंदाचे सार्वजनिक ठेव्यात रूपांतर झाले, ते ग्रंथालय या संस्थेमुळे.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचनालयास गूल्डचे खंड विकत घेणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. त्या ग्रंथांपैकी अनेकांच्या प्रतिमा आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. परंतु १९४१ साली निघालेला सालीम अलींचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ किंवा विदर्भाच्या अरण्यात आयुष्य वेचलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा ‘पक्षिकोश’ यांच्या जुन्या आवृत्त्या घरोघरच्या कपाटांत, कधी रद्दीतही, सापडू शकतात. चितमपल्लींनी वनवासी आणि पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे टिपून घेतली. जाम नदीकाठचा खंड्या आणि संत्र्यांच्या बागेतील हळद्या यांना आपल्या बोलीत काय म्हणतात, हे नोंदविण्याचे कामही अशाच संग्रहात मोडते.

मोल केवळ प्रतींच्या दुर्मिळतेने ठरत नाही. ग्रंथ अखंड ठेवणे, त्याची नोंद करणे आणि मागेल त्या वाचकाच्या हाती तो देणे, ही तीन कर्तव्ये शंभर वर्षे पाळणारी संस्था कोणत्याही राजसंग्रहाच्या पंक्तीस बसते. पुढील शतकाच्या वाचकांसाठी हाच वारसा जतन करावयाचा आहे.